सूर धरावा की राखावा?

आमच्या हैदराबादेत ‘होल्ड’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. बँकेतले कारकून आपला चेक होल्डवर ठेवतात. फोनवरची बाई आपणांस होल्ड करावयास सांगून कसलेसे बेसूर संगीत ऐकवीत बसते. अंबरपेठेच्या सहा नंबरच्या नाक्यावर एक रिक्षावाला दुसऱ्याला ‘जरा होल्ड करो भाई’ म्हणतो, आणि दोघांनाही आपण इंग्रजी बोललो असे वाटत नाही. येथवर माझी काही तक्रार नव्हती. परंतु हा शब्द आता गायनाच्या वर्गातही येऊन बसला आहे. ‘सर, सा कितने सेकंड होल्ड करना?’ हा प्रश्न मला महिन्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. अशा प्रश्नाला झटकन उत्तर देऊन मोकळे होता येते. तथापि शब्दच जर चुकीच्या हाताने उचलला असेल, तर उत्तर बरोबर असूनही गळा बिघडतो, असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे. म्हणून आज या ‘होल्ड’चे आणि आपल्या ‘धरणे’चे गोत्र थोडे तपासून पाहू.

प्रथम आपले घर. ‘धरणे’ या क्रियापदाइतके राबणारे क्रियापद मराठीत दुसरे क्वचितच असेल. मूल बोट धरते, मग हट्ट धरते. पुढे बाळसे धरते तेव्हा आजीला बरे वाटते. बायका फेर धरतात, भक्त एकादशी धरतो, नाग डूक धरतो, आंब्याला फळ धरते, रोपटे मूळ धरते. मनुष्य धीर धरतो, दम धरतो, मौन धरतो, आस धरतो आणि काहीच जमेना म्हणजे कोणाचे तरी पाय धरतो. हिशेबात आकडा जमेस धरतात, वादात एखादी गोष्ट धरून चालतात. आमच्या मराठवाड्याकडचे लोक ‘सकाळधरनं पोटात काही नाही’ असे म्हणतात. तेथे तर हे क्रियापद काळालाच बोटाशी धरून चालवते. यांतल्या किती ठिकाणी खरोखर मूठ आवळली जाते ते पाहा. बोट आणि पाय सोडले तर जवळजवळ कोठेच नाही. फळ धरताना झाड काहीही आवळीत नाही.

गाण्यातही तसेच. तबलजी ठेका धरतो, पोवाड्यातले साथीदार झील धरतात, कीर्तनात मागचे टाळकरी ध्रुपद धरतात. रागाची ओळख पटविणाऱ्या स्वरसमूहाला आपण ‘पकड’ म्हणतो. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांमुळे हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडीही बसला. आणि कान धरणे! पंतोजी मुलाचा कान धरतात, ती शिक्षा. गवई आपल्या उस्तादाचे नाव घेताना स्वतःच्याच कानाची पाळी धरतो, तो आदर. क्रिया एकच, पण धरणारा बदलला की अर्थ उलटा होतो.

‘धरणे’ हे नाम म्हणून वापरले की मात्र ते भलतेच तापट होते. पेशवाईत पगार थकला म्हणजे शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत. धरणेकरी उपाशी, म्हणून आतला यजमानही उपाशी, असा तो रिवाज होता. ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्करात राहिला होता. त्याच्या पत्रांत या धरण्यांची वर्णने आहेत. पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत, कलम ५०८ च्या उदाहरणात, दाराशी धरणे धरून समोरच्याला दैवी कोपाची भीती घालणारा इसम सरळ गुन्हेगार म्हणून येऊन बसला. तोच शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशांत गेला, आणि आपल्या शहरात तर इंदिरा पार्काजवळच्या एका चौकाला धरना चौक हेच नाव पडले आहे. माझे वडील ऐन तरुणपणी एका लहानशा संस्थानिकांच्या पदरी दरबारी गवई होते. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि तो दरबार उठला. शेवटच्या काही महिन्यांचे वेतन राहिले ते राहिलेच. ‘धरणे का धरले नाहीत?’ असे मी एकदा त्यांना विचारले होते. ‘ज्याच्या दारी धरायचे त्याच्या हाती तरी काय उरले होते?’ एवढेच ते म्हणाले, आणि तंबोऱ्याची खुंटी पिळू लागले.

दरबाराचा विषय निघालाच आहे, तर आपणा जुन्या हैदराबादी मराठी घरांच्या आडनावांकडेही पाहू. इनामदार, जहागीरदार, किल्लेदार, वतनदार, फौजदार. या सगळ्यांच्या शेपटाशी असलेला ‘दार’ फारसी. ‘दाश्तन्’ म्हणजे धरणे, बाळगणे. त्याचे वर्तमानकाळी रूप ‘दार’. इनाम धरणारा तो इनामदार. आता गंगाधर, मुरलीधर, श्रीधर या नावांतला ‘धर’ पाहा. तो संस्कृत ‘धृ’ धातूचा. गंमत अशी की हा ‘दार’ आणि तो ‘धर’ सख्खे भाऊ आहेत. इराणी आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा. तिकडे ‘ध’चा ‘द’ झाला एवढेच. अडीच हजार वर्षांपूर्वीचा इराणचा बादशहा दारयवहु, ज्याला ग्रीकांनी दरायस केले, त्याच्या नावाचा अर्थही ‘चांगले ते धरून ठेवणारा’ असाच आहे. तेव्हा एखादे गृहस्थ गंगाधरराव इनामदार असतील, तर त्यांनी एकच धातू नावात संस्कृतातून आणि आडनावात फारसीतून, असा दोन वेळा घेतला आहे.

जहागीरदारांचा थाट याहून मोठा. ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘गीर’ म्हणजे धरणारा; ‘जागीर’ म्हणजे जागा धरणे, आणि त्यावर पुन्हा ‘दार’. म्हणजे धरून ठेवलेली जागा धरणारा! एवढे दोन्ही हातांनी धरूनही १९४९ च्या १५ ऑगस्टच्या कायद्याने हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. आडनावे तेवढी उरली. (त्यातल्या काही मंडळींनी नंतर शाळा, ग्रंथालये, गणेशोत्सव यांना आधार दिला, हेही येथे सांगितले पाहिजे. आणि ‘आधार’ हाही ‘धृ’चाच मुलगा.) या ‘गीर’चे मूळ फारसीत ‘गिरिफ्तन्’, गिरफ्तार, मुलूखगिरी, आलमगीर ही सारी त्याचीच प्रजा. त्याचा संस्कृतातला भाऊ म्हणजे ‘ग्रह्’. ‘दस्त’ म्हणजे हात, हाही आपल्या ‘हस्त’चाच भाऊबंद. तेव्हा आपल्या शहरात गल्लोगल्ली आढळणारे दस्तगीर हे नाव आणि लग्नातले आपले पाणिग्रहण, दोहोंचा अर्थ हात धरणे हाच. फरक इतकाच, की दस्तगीर हा पडलेल्याला हात देणारा असतो. लग्नात कोण कोणाला सावरतो ते पुढे कळते.

धरण्याची एक वाईट जातही शहराला चांगली ठाऊक आहे. कब्जा! हा अरबी. त्याचा मूळ अर्थ मुठीत आवळणे, आखडणे. आणि वैद्याकडे ज्याची तक्रार घेऊन जातात तो ‘कब्ज’ही याच घरचा. आमच्या बागअंबरपेठेतला बतुकम्मा कुंटा कित्येक वर्षे अशाच कब्ज्यांत आणि कचऱ्यात बुजून गेला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा खोदून पाण्याने भरला गेला. ज्या जागेने पाणी धरायचे, ती जागाच माणसांनी धरली म्हणजे काय होते, हे मुशीकाठच्या लोकांना नव्याने सांगावयास नको. १९०८ च्या सप्टेंबरात मुशीला जो पूर आला त्याच्या कथा आपल्या घरांतून अजून सांगितल्या जातात. त्या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेऊन वर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली. धरण म्हणजे पाणी कायमचे कोंडणे नव्हे. केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे याची व्यवस्था म्हणजे धरण. दरवाजे नसलेले धरण कोणी बांधीत नाही.

आता ‘होल्ड’कडे वळू. कोणी म्हणेल, हा इंग्रजी शब्दही आपल्या ‘धर’चाच दूरचा नातेवाईक असेल. तसे नाही. त्याचे जुन्या इंग्रजीतले रूप ‘हेआल्दन्’, जर्मनमधला त्याचा भाऊ ‘हाल्टन्’. आगगाडीच्या वेळापत्रकातला ‘हॉल्ट’ हा त्या जर्मन भावाकडूनच आलेला. या कुळातला फार जुना लेखी पुरावा गॉथिक भाषेत सापडतो. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने त्या भाषेत बायबल उतरविले. त्यात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. बापाचे धन उडवून कंगाल झालेल्या त्या मुलाला एक मनुष्य आपल्या शेतावर डुकरे चारावयास पाठवितो. त्या ‘चारणे’साठी वुल्फिलाने वापरलेला शब्द आहे ‘हाल्दान्’. म्हणजे ज्या शब्दाने आज आपण फोन धरतो, चेक अडवितो आणि स्वर ताणतो, त्याचा जुना अर्थ गुरेढोरे राखणे हा होता! ‘बिहोल्ड’ म्हणजे पाहणे, असे आपण शाळेत शिकलो. ते ‘पाहणे’ही याच राखणीतून आले. राखणारा आधी पाहतो. खुर्च्यांना गाद्या शिवणारा ‘अपहोल्स्टरर’ हासुद्धा याच घरचा. मात्र जहाजाच्या पोटातला मालाचा ‘होल्ड’ या घरचा नाही. तो ‘होल’चा, म्हणजे पोकळीचा, स्पेलिंगाच्या चुकीने पाहुणा म्हणून आला आणि राहिला.

हे वाचले तेव्हा मला आपला ‘गुराखी’ आठवला. गो-रक्ष, त्याचाच गुराखी झाला. मराठीत ‘रक्ष्’चे ‘राखणे’ झाले आणि ते फार गोड झाले. शेत राखावे, घर राखावे, मान राखावा, इमान राखावे. ‘राखणदार’ या शब्दात तर संस्कृत ‘राख’ आणि फारसी ‘दार’ एकाच खाटेवर बसले आहेत. तेव्हा इंग्रजी ‘होल्ड’चा खरा सोयरा आपला ‘धरणे’ नसून ‘राखणे’ आहे. कुळाने नव्हे, धंद्याने.

आणि माझे वडील शिष्याला ‘सा धर’ असे कधी म्हणत नसत. ‘सा राख’ म्हणत. मला लहानपणी ती त्यांची बोलण्याची लकब वाटे.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे शिकावयास आली. घरची भाषा तेलुगू, शाळेची इंग्रजी, आणि माझ्याशी बोलायची ती आपली हैदराबादी हिंदी. वय सोळा. आवाज मूळचा रुंद, पण घशाशी कोणी दोरी बांधावी तसा आवळलेला. आधी ती एका ठिकाणी स्पर्धांसाठी तयार होत होती. तेथे फोनवर घड्याळ लावून सा म्हणवून घेत. वीस सेकंद झाले की शाबासकी, पंचवीस झाले की टाळ्या. तिने मोठ्या अभिमानाने मला सव्वीस सेकंदांचा सा ऐकविला. पहिले चार सेकंद सा होता. नंतर मानेच्या शिरा फुगल्या, हनुवटी पुढे आली, स्वर केसभर चढला आणि चढतच राहिला. संपल्यावर ती खोकली. डॉक्टरांनी दोनदा आवाजाला विश्रांती सांगितल्याचे तिच्या आईने हळूच सांगितले. वार्षिक स्पर्धा तोंडावर होती, आणि गाणे सोडावे की काय असे घरात चालले होते.

तिला मी श्वासाच्या चार गोष्टी सांगितल्या. त्या कोणीही सांगतो. त्यांचा उपयोग होईना. कारण ‘होल्ड’ म्हटले की तिची मूठ वळे. खरोखर वळे, मांडीवर ठेवलेल्या दोन्ही हातांच्या. तेलुगूत सांगून पाहिले, ‘पट्टुको’. त्याचाही अर्थ धर, पकड. पट्टु म्हणजे कुस्तीतली पकड, पट्टुदल म्हणजे चिकाटी. मूठ आणखीच घट्ट झाली. मग एके दिवशी मला दुसरा तेलुगू शब्द आठवला: ‘कायु’. मेंढरे राखणे याला तेलुगूत हाच शब्द आहे, आणि राखणाऱ्याला ‘कापरी’. झाडाला फळ धरते त्यालाही ते लोक ‘कायु’च म्हणतात. ती मुलगी मूळची खेड्यातली; तिच्या आजोळी मेंढ्या होत्या. मी विचारले, ‘बेटी, तुम्हारे मामा बकरियां कैसे संभालते? एकेक का पाँव पकड के?’ ती हसली. म्हणाली, ‘नहीं सर, वो तो झाड के नीचे बैठते. देखते रहते बस. कोई बाजू गयी तो आवाज देते.’ ‘हाँ,’ मी म्हटले, ‘सा को वैसेच कायु.’

कोणी याला जादू समजू नये. त्या दिवशी काहीही झाले नाही. मूठ उघडायला तीन आठवडे लागले, हनुवटी जागेवर यायला पावसाळा गेला. फोनचे घड्याळ मी बंद करविले. मंद्रातला सा, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत मिसळून, हलका लावायचा. तो बाजूला सरकू लागला की ओढून आणायचा नाही, ऐकायचे. ऐकले की तो आपण होऊन परत येतो, आणि दम संपण्याआधीच सोडून द्यायचा. प्रथम सात-आठ सेकंदांतच ती थांबे आणि ओशाळे. स्पर्धा त्या वर्षी बुडाली. त्यावरून मला तिच्या वडिलांचे दोन कडक शब्दही ऐकावे लागले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. पैसे गेले होते, पोरगी मागे पडली असे शेजारी म्हणत होते. परंतु दिवाळीपर्यंत खोकला गेला, आणि एके सकाळी तिचा सा इतका वेळ उभा राहिला, की मीच तंबोऱ्यावरचे बोट विसरलो. किती सेकंद ते माहीत नाही.

यात पाश्चात्त्यांचेही एक साक्षीपत्र आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्याकडे पुरुषाच्या उंच आवाजाला ‘टेनर’ म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘तेनेरे’चा, म्हणजे धरणे. उंचीशी त्याचा मुळात संबंध नव्हता. बाराव्या-तेराव्या शतकांत पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये लेओनँ आणि पेरोतँ या रचनाकारांच्या काळी एक गायक जुन्या प्रार्थनेचे एकेक स्वर लांबच लांब धरून राही, आणि वरचे गायक त्यावर आपली नक्षी काढीत. तो धरणारा म्हणजे टेनर. त्याने धरलेल्या मूळ चालीला पुढे ‘कांतुस फिर्मुस’ म्हणू लागले, म्हणजे पक्के गाणे. आणि हा लॅटिन ‘फिर्मुस’ कोठून आला म्हणता? ज्या मुळापासून आपला ‘धृ’ आला, त्याच मुळापासून. म्हणजे आपला ‘धर्म’ आणि त्यांचा ‘फर्म’ हे एकाच आजोबांचे नातू. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात या भाषांचे नाते बोलून दाखविले, तेव्हापासून विद्वानांना अशा नात्यांचे नवल उरलेले नाही. मला मात्र गवयाच्या पोराला अजून वाटते.

आणखी पुढे जा. ‘तेनेरे’ म्हणजे धरणे खरे, परंतु त्याचे मूळ ‘तन्’ या आपल्या धातूशी एक आहे, आणि ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. त्यातूनच तंतू, त्यातूनच आपली ‘तान’. ग्रीकांचा ‘तोनोस’ आणि इंग्रजांचा ‘टोन’ हेही त्यातलेच. म्हणजे युरोपातला धरून बसलेला टेनर आणि आपली धावत सुटणारी तान एकाच घरात जन्मल्या! एकीने तार ताणून स्थिर ठेवली, दुसरीने तीच तार पसरून दिली. (तंबोरा मात्र ‘तन्’चा नव्हे, तो अरबी-फारसी ‘तंबूर’चा, शिष्यांनी परीक्षेत उगाच जोडून देऊ नये.)

आपल्याकडे हे टेनरचे काम सनईच्या ताफ्यातला सूरवाला करतो. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत, तो एकच षड्ज तासन् तास अखंड ठेवतो. लग्नात त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वडील सांगत की त्यांच्या दरबारात मुख्य सनईवाल्याच्या निम्मेही वेतन त्याला नसे, पण तो आजारी पडला तर त्या दिवशी नौबत वाजत नसे. मुख्य वादक आजारी पडला तर मात्र दुसरा कोणी तरी वाजवून नेई.

परवा आमच्या वर्गाची लहानशी बैठक झाली. त्या मुलीला मी मागे तंबोऱ्यावर बसविले होते. दोन तास ती बसली, आणि मधूनमधून मंद्रात सूरही देत होती. बैठक संपल्यावर तिची आई माझ्याकडे आली. ‘सर, इसको सामने बैठ के गाने का कब मिलता?’ मी म्हटले, ‘उगादी को. यमन गाएगी, आधा घंटा.’ वडील मागे उभे होते. त्यांनी विचारले, अर्धा तास फार होणार नाही ना. मी म्हटले, नाही होणार.